चिठ्ठी दिली, बाळ पोहोचले का?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावर आशाताई बाळाच्या छातीवरचे कपडे बाजूला सारते आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. ६० किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असली, बाळाने अंगावर पिणे सोडले असले, की ती दवाखान्याची चिठ्ठी देते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. पण ते बाळ दवाखान्यात पोहोचले का, हे पाहायचे तर आशाची वही आणि रुग्णालयाची नोंदवही जुळवावी लागते, आणि तिथेच घोडे अडते.

कारण बाळाला अजून नाव नसते. रुग्णालयात ते आईच्या नावावर चढते. पहिलटकरीण माहेरी आलेली. आशाच्या वहीत गाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे, फोन नंबर नवऱ्याचा नाहीतर भावाचा. दोन्ही नोंदी खऱ्या, तरी बाळ एकच आहे हे कळत नाही. न जुळलेले बाळ घरीच बरे झाले, खासगी दवाखान्यात गेले की वाटेत दगावले, कागदावर सगळे सारखेच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६मध्ये मोजणी गावातून सुरू केली. ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांपैकी ५४ टक्क्यांना उपचारांची गरज होती. डॉक्टरांपर्यंत गेली जेमतेम २.६ टक्के. दवाखान्यात बसून हा आकडा कधीच हाती लागला नसता. पुढे आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन उपचार केले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला.

ऑगस्ट २०१७मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ५५ अर्भके दगावली, तेव्हा बरीच बाळे अखेरच्या अवस्थेत आणली गेली, असे रुग्णालयाने सांगितले. मग उशीर कुठे झाला? आजार ओळखायला, गाडी मिळायला, की या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पाठवण्यात? नुसते ‘पोहोचले’ एवढे लिहून हे कळत नाही. चिठ्ठीवरची वेळ आणि दाखल झाल्याची वेळ, दोन्ही हव्यात.

माझ्या मते चिठ्ठीवर आशाचा मोबाइल नंबर छापील रकान्यात असावा आणि बाळ दाखल होताच नवजात कक्षातून तिला फोन जावा. फोन आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्या घरी जावे लागेल. त्या फेरीचा वेगळा मोबदला तिला मिळालाच पाहिजे.