म्हण कानाची आणि म्हण डोळ्यांची

नाद, यमक आणि अनुप्रास यांमुळे म्हण स्मरणात राहते, असे आपण सामान्यतः मानतो. 'अति तेथे माती' या म्हणीचे बळ 'अति' व 'माती' यांच्या यमकातच आहे. परंतु प्रत्येक म्हण कानावरच विसंबते काय?

हाँगकाँग, मकाव आणि दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांत येथे बोलल्या जाणाऱ्या कँटोनी भाषेतील एक म्हण पाहा : 'थाम ची तक को फन'. 'थाम' म्हणजे हाव, 'ची' म्हणजे लिपिचिन्ह, 'तक को' म्हणजे 'पदरी पडते ते एवढेच' आणि 'फन' म्हणजे दारिद्र्य. आशय असा, की 'हाव' या अक्षरातून अखेर 'दारिद्र्य' हेच अक्षर हाती येते.

'थाम' आणि 'फन' यांत यमक नाही. त्यांचे साम्य लेखनात आहे. पारंपरिक चिनी लिपीत ही दोन्ही चिन्हे प्रत्येकी 11 रेघांची असून दोहोंच्या तळाशी शिंपल्याचे चिन्ह आहे. प्राचीन चीनमध्ये कवड्या धन म्हणून वापरल्या जात. त्यामुळे धनविषयक अनेक चिन्हांत तो शिंपला आढळतो. मराठीतील 'कवडीमोल' हा शब्दही कवडीच्या अशाच वापराची आठवण देतो. भेद आहे तो वरच्या 4 रेघांत. 'हाव' या चिन्हात तेथे 'आता' या अर्थाचे चिन्ह येते, तर 'दारिद्र्य' या चिन्हात 'वाटणे' या अर्थाचे. धनाची वाटणी होत गेली की उरते ते दारिद्र्य, असे त्याचे पारंपरिक स्पष्टीकरण आहे.

जुगारात जिंकूनही न उठणारा, शेअरचा भाव वाढूनही आणखी वाढीची वाट पाहत बसणारा, अशांना ही म्हण ऐकवली जाते. तिच्यात पापपुण्याची भाषा नाही. हाव आणि कंगाली यांत अंतर किती थोडे, एवढेच ती डोळ्यांना दाखवते. मराठीत तिचा अर्थ उतरतो. मात्र तिचा पुरावा मूळ लिपीतच राहतो.

अक्षरावर आधारलेली उक्ती मराठीलाही अपरिचित नाही. 1773 मधील नारायणराव पेशव्यांच्या वधाशी जोडलेल्या आख्यायिकेतून आलेला 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आठवा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील हव्यासविषयक तीन म्हणी नोंदवा. त्यांचा परिणाम नाद, प्रतिमा की लेखन यांपैकी कशावर अवलंबून आहे, ते सकारण लिहा.