सांधलेला खांदा आणि वृद्धिघटक

बालरोगतज्ज्ञाने खांद्याच्या शस्त्रक्रियेवर लेखणी का उचलावी, असा प्रश्न आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना पडेल. निमित्त एका आजीचे. खैरलांजी परिसरातील ही साठीची शेतकरी बाई नातवाला लसीकरणासाठी घेऊन आली होती. पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तपासणीअंती रोटेटर कफची कंडरा, म्हणजेच टेंडन, फाटल्याचे निघाले. नागपूरला शस्त्रक्रिया ठरली. तिच्या मुलाने मला विचारले, "साहेब, रक्तापासून केलेले वाढीचे इंजेक्शन सोबत दिले तर जोड पक्का होतो म्हणतात. त्यासाठी बियाण्याचे धान विकू का?" वाढ हा माझाच विषय, त्यामुळे उत्तर शोधणे मला भाग पडले.

खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या माथ्याला बिलगलेल्या असतात. मऊ कंडरा आणि कठीण हाड यांच्यामध्ये निसर्गाने तंतुमय कूर्चेचे दोन थर ठेवले आहेत. पहिला साधा, दुसरा खनिजयुक्त. त्यामुळे ताण एका जागी न साचता विभागला जातो. शल्यविशारद कंडरा टाक्यांनी हाडाला बांधतो. परंतु हे थर पुन्हा घडत नाहीत. मध्ये व्रण-ऊती भरते आणि ती तुलनेने दुबळी असते. २००४ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील शल्यविशारदांनी, दुर्बिणीद्वारे सांधलेल्या मोठ्या फाटीच्या १८ खांद्यांची सोनोग्राफी केली, तेव्हा १७ खांद्यांत कंडरा पुन्हा फाटलेली आढळली. पहिल्या वर्षी बहुतेकांच्या वेदना मात्र कमी झाल्या होत्या.

वृद्धिघटक म्हणजे पेशींना मिळणारी रासायनिक आज्ञापत्रे. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखविले की, खनिजे काढलेले हाड स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड बनते. बीएमपी प्रथिनांचा मागोवा त्यातूनच लागला. पुढे टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ, एफजीएफ हेही खांद्यासाठी अभ्यासले गेले. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात त्वचेची जखम व्रणाशिवाय भरते आणि तेथे टीजीएफ-बीटा-३ चे प्राबल्य असते, हे बालरोगतज्ज्ञांना विशेष रोचक वाटेल. हाच घटक उंदरांच्या खांद्यात वापरून पाहिला गेला. जोडाचे बळ काहीसे वाढले, परंतु मूळचे थर परतले नाहीत.

२००७ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मेंढ्यांच्या खांद्यात हाडजनक घटकांचे मिश्रण वापरले. जोड अधिक ताण सोसू लागला, पण तो मुख्यतः ऊतीचे प्रमाण वाढल्यामुळे. ऊतीचा दर्जा सुधारला नव्हता. युरिया जास्त झाला की धान हिरवेगार होते, पण लोंबीत दाणा भरेलच असे नाही, हे आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात कोणाला सांगायला नको.

मुलाने विचारलेले इंजेक्शन पीआरपीचे. प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असतात. मात्र त्यांचे प्रमाण माणसागणिक आणि पद्धतीगणिक बदलते. काही अभ्यासांत पुन्हा फाटण्याचे प्रमाण कमी दिसले, तर काहींत काहीच फरक आढळला नाही. शिवाय घटक थोड्या दिवसांत विरून जातात, तर जोड भरण्यास महिने लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवजात उंदरांचा खांद्याचा स्नायू बोट्युलिनमने लुळा केल्यास हा जोड नीट घडतच नाही. म्हणजे ताणही आवश्यक. परंतु योग्य वेळी. सांधलेल्या कंडरेवर तो लवकर आला तर टाके सुटू शकतात. रोवलेल्या पऱ्ह्याने मूळ धरण्याआधी त्याला ओढून पाहू नये, तसेच हे.

मी त्या मुलाला सांगितले, "धान विकू नका. आईची साखर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडवा, झोळी सांगितलेले सर्व आठवडे गळ्यात राहू द्या, व्यायाम सांगतील त्याच क्रमाने करा. आणि यंदाचा रोवणा आईला करू देऊ नका." शेवटची अट सर्वांत जड होती, कारण रोवण्याची मजुरी हे घराचे रोख उत्पन्न. तरीही त्यांनी ती पाळली. पुढच्या उन्हाळ्यात आजी आली, तेव्हा नातवाला तिनेच टेबलावर ठेवले. तिची कंडरा आतून किती जुळली, हे सोनोग्राफीविना मी सांगू शकत नाही. पण घरात बियाणे शिल्लक होते.

वृद्धिघटकांचे संशोधन थांबू नये. उद्या त्यांतूनच खरा जोड घडू शकेल. तोवर रुग्णाला आशा आणि पुरावा यांतील अंतर सांगणे, हे आपणा सर्व डॉक्टरांचे कर्तव्य आहे.