वेरूळचे कैलास लेणे : पर्वत, पुराणकथा आणि सामूहिक शिल्पनिर्मिती

प्रस्तावना

कलाकृती म्हटली की तिचा कर्ता कोण, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. भारतीय शिल्पपरंपरेत या प्रश्नाचे उत्तर बहुधा राजाच्या नावाने दिले जाते. वेरूळ येथील सोळाव्या क्रमांकाचे लेणे, अर्थात कैलास, हे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (इ. स. सुमारे ७५६ ते ७७३) याच्या नावाशी निगडित आहे. परंतु अखंड डोंगरातून कोरलेले हे मंदिर असंख्य हातांच्या सहकार्याशिवाय सिद्ध झाले नसते, हे उघड आहे. या सहकार्याचे स्वरूप काय होते आणि त्याची स्मृती कोणी जपली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी डोंगर, पुराणकथा आणि लोककथा या तीन अंगांनी कैलासाकडे पाहू.

डोंगर : शिल्पाचे द्रव्य आणि शिल्पाचा विषय

वेरूळचा डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. शिल्पींनी डोंगराच्या उतारावर उत्तर, दक्षिण आणि पूर्व या तीन बाजूंना खोल चर खणून मधला प्रचंड पाषाण वेगळा केला व त्यातून पश्चिमाभिमुख मंदिर कोरले. अशा रीतीने तयार झालेले प्रांगण सुमारे ८४ मीटर लांब व ४७ मीटर रुंद असून मागील कडा सुमारे ३३ मीटर उंच आहे.

येथे डोंगर हे केवळ द्रव्य नाही. कैलास हा शिवाचा निवास. एका पर्वतातून दुसरा, पुराणातला पर्वत प्रकट करणे ही या शिल्पाची मूळ कल्पना आहे. त्यामुळे दगडाची निवड आणि कथेची निवड या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. मंदिरावर पूर्वी शुभ्र गिलावा होता व त्याचे अवशेष आजही काही ठिकाणी दिसतात. तो पाहताना हिमाच्छादित कैलासाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

पुराणकथा : भिंतीवरील कथाकथन

मंदिराच्या दक्षिण बाजूस रावणानुग्रहाचे सुप्रसिद्ध शिल्प आहे. कथा रामायणाच्या उत्तरकांडात येते. मदांध रावण कैलास उचलू पाहतो, पर्वत हादरतो आणि शिव पायाच्या अंगठ्याने तो दाबून रावणाला त्याखाली अडकवतो. शिल्पात खाली खोल कोरलेल्या पोकळीत जोर लावणारा रावण, वर शिवाला बिलगणारी पार्वती आणि भयाने पळणारी दासी दिसते. शिव मात्र शांत आहे. पाहणाऱ्याला कथा ठाऊक आहे, हे शिल्पींनी गृहीत धरले आहे. म्हणून एकच क्षण दाखवूनही संपूर्ण कथा उभी राहते.

याहून वेगळी पद्धत मंडपाच्या बाह्यभिंतींवर आढळते. दक्षिणेस रामायण आणि उत्तरेस महाभारत व कृष्णचरित्र यांतील प्रसंग आडव्या पट्ट्यांमध्ये एकाखाली एक कोरलेले आहेत. कीर्तनकार वा पुराणिक जसे आख्यान क्रमाने लावतो, तसेच हे वाचन आहे. रामायणपटात शिळा वाहून सेतू बांधणारे वानर दिसतात. अनेकांनी मिळून दगडातून उभारलेल्या कार्याचे हे चित्र दगडफोड्यांनीच कोरलेले आहे, ही गोष्ट लक्षणीय वाटते.

सहकार्याचे तंत्र

बांधीव मंदिरात चूक झाल्यास दगड बदलता येतो. कोरीव मंदिरात निघालेला दगड परत बसविता येत नाही. त्यामुळे चर खणण्यापूर्वीच शिखर, मंडप, नंदीमंडप आणि ध्वजस्तंभ यांसाठी किती पाषाण राखून ठेवावयाचा, हे ठरलेले असले पाहिजे. चर खणणारे, ओबडधोबड आकार काढणारे, मूर्ती घडविणारे, चुरा बाहेर वाहून नेणारे, गिलावा व रंग देणारे असे कामाचे अनेक थर मानावे लागतात. एकाच्या हाताची चूक पुढच्या सर्वांना भोवली असती. येथील सामूहिकता ही अशी परस्परांवर विसंबलेली होती.

हे सहकार्य एका पिढीपुरतेही नव्हते. हर्मान गोएट्झ यांनी कैलासाची निर्मिती अनेक राजांच्या कारकिर्दीत विभागली, तर म. के. ढवळीकर यांनी मुख्य मंदिराचा बराचसा भाग कृष्णराजाच्याच काळातील मानला. मतभेद असले तरी प्रांगणाभोवतालची काही लेणी नंतरची आहेत, हे सामान्यतः मान्य आहे. शिवाय मंदिराच्या आराखड्याचे पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिराशी निकटचे साम्य आहे. म्हणजे दक्षिणेकडील शिल्पपरंपरेचे ज्ञानही या कामात सहभागी होते.

ताम्रपट आणि लोककथा

कर्क सुवर्णवर्ष याच्या इ. स. ८१२च्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या या मंदिराचे वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि प्रत्यक्ष शिल्पकारालाही आपण हे कसे घडविले याचे आश्चर्य वाटते, असा त्याचा आशय आहे. शिल्पकाराचा उल्लेख आहे, नाव मात्र नाही. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर सूत्रधार गुंड अनिवारिताचारी याचे नाव कोरलेले आहे, हे ध्यानात घेता ही उणीव अधिकच जाणवते.

ही उणीव मराठी कथेने भरून काढली. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथातील कथेनुसार, राजा व्याधिमुक्त व्हावा म्हणून राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला आणि मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरले. इतरांनी दीर्घ अवधी मागितला. पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने मात्र आठवड्याभरात शिखर दाखविले, कारण त्याने काम वरून आरंभिले. मंदिरास माणिकेश्वर हे नाव पडले.

ही कथा मंदिरानंतर कित्येक शतकांनी ग्रथित झाली. तिच्या आधारे राजा, राणी वा स्थपती यांचा इतिहास सिद्ध होत नाही. परंतु तिचा सारा पेच एका तांत्रिक सत्यावर उभा आहे. बांधीव मंदिरात शिखर शेवटी येते, तर कोरीव मंदिरात ते सर्वांत आधी येते. हे ज्ञान शिल्पींच्या परंपरेतून आले की मंदिर पाहून कोणा चाणाक्ष कथेकऱ्याने ओळखले, हे ठरविणे कठीण आहे. कोणत्याही पर्यायात एक गोष्ट उरते, ती म्हणजे कथेने शिल्पीच्या बुद्धीला श्रेय दिले आणि त्याला नाव दिले.

समारोप

अलीकडे कैलास हे मानवाचे काम नसून परग्रहवासीयांचे आहे, अशा कल्पना मोठ्या प्रमाणात प्रसृत होतात. त्यांतून ज्यांनी हे काम केले त्यांचेच कर्तृत्व नाकारले जाते. प्रांगणाच्या कड्यांवर छिन्नीचे घाव आजही स्पष्ट दिसतात. विद्यार्थ्यांना वेरूळ दाखविताना राजाच्या नावाबरोबरच हे घाव दाखवावेत आणि कोकसाची कथाही सांगावी. ताम्रपटाने आश्चर्य नोंदविले, तर त्या आश्चर्यामागे एक पद्धत होती आणि ती माणसाने शोधली होती, हे लोककथेने सांगितले. कैलासाच्या अभ्यासात या दोन्ही साक्षी एकत्र वाचणे आवश्यक आहे.