फ्रीजची घरघर
चंदिगडच्या सेक्टर ३४ मधील कार्यालयात बदली झाली, त्या उन्हाळ्यात आमचा फ्रीज रात्रभर घरघरू लागला. कारागिराने कॉम्प्रेसर बदलण्यास सुचविले. एवढा खर्च करण्यापूर्वी आम्ही स्वतः पाहणी केली. फ्रीज किंचित कलला होता, पाठ भिंतीला टेकली होती, मागील जाळीवर धूळ साचली होती. प्लग काढून जाळी स्वच्छ केली, पाय समतल केले, भिंतीपासून अंतर ठेवले, घरघर थांबली.

धुळीमुळे उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो व विजेचे बिलही वाढते. अधूनमधून होणारी बुडबुड नळ्यांतील शीतकाची असते. तो दोष नव्हे. मात्र वारंवार ‘टक्’ असा आवाज होऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर तंत्रज्ञास अवश्य बोलवावे.