मासे पोहत आहेत, म्हणून नदी निरोगी नव्हे

पंचगंगा, इंद्रायणी किंवा पवनेच्या पात्रात मृत माशांचा खच पडला की त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, कारखान्यांना नोटिसा निघतात. काही दिवसांनी पाणी वाहून जाते, मासे पुन्हा दिसू लागतात आणि प्रकरण मिटते. या नित्यक्रमामागे एक समजूत दडलेली आहे : मासे मेले तर पाणी विषारी आणि मासे पोहत असतील तर पाणी ठीक. जड धातूंच्या बाबतीत ही समजूत दिशाभूल करणारी आहे. एका रात्रीत होणारे सामूहिक मृत्यू बहुतेकदा पाण्यातील प्राणवायू संपल्यामुळे घडतात. जड धातूंची कार्यपद्धती निराळी आहे. ते माशाला सहसा तडकाफडकी मारत नाहीत. त्याला जिवंत ठेवून आतून दुबळा करतात.

पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त हे या गटातील प्रमुख धातू. त्यांपैकी तांबे आणि जस्त अत्यल्प प्रमाणात सजीवांना आवश्यकच असतात. मर्यादा ओलांडली की तेही घातक ठरतात. पारा, शिसे आणि कॅडमियम यांचा मात्र माशाच्या शरीराला काहीच उपयोग नाही. विद्युत विलेपनाचे छोटे कारखाने, चामडे कमावण्याचे उद्योग, बॅटऱ्या, रंग, इलेक्ट्रॉनिक कचरा, इतकेच काय, वाहनांच्या ब्रेकमधून झिजून रस्त्यावर पडणारी आणि पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जाणारी धूळ, या साऱ्यांतून हे धातू नदीत येतात. सेंद्रिय मैला जिवाणू कुजवून टाकतात. धातू हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. तो पाण्यातून गाळात जातो, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत. नाहीसा मात्र होत नाही.

गोड्या पाण्यातील माशाला धातूंचा फटका विशेष का बसतो, हे समजण्यासाठी त्याच्या कल्ल्यांकडे पाहावे लागेल. कल्ले हे केवळ श्वसनाचे अवयव नव्हेत. नदीच्या पाण्यात क्षार फार थोडे आणि माशाच्या रक्तात भरपूर, त्यामुळे शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपत असतात. ही तूट भरून काढण्यासाठी कल्ल्यांतील विशिष्ट पेशी पाण्यातील सोडियम आणि कॅल्शियम अखंड शोषून घेतात. धातू नेमके या दारातून आत शिरतात. कॅडमियम, शिसे आणि जस्त कॅल्शियमची वाट अडवतात, तर तांबे सोडियमची. धातूचे प्रमाण वाढले की कल्ल्यांवर बुळबुळीत स्राव साचतो, नाजूक पापुद्रे सुजतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

येथे एक विलक्षण बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पाण्यात कॅल्शियम विपुल असेल, तर कल्ल्यांच्या दारात त्याची धातूशी स्पर्धा होते आणि मासा काही अंशी वाचतो. म्हणजेच धातूचे तेवढेच प्रमाण दुष्फेन पाण्यात माशाला सोसते, सुफेन पाण्यात मात्र प्राणघातक ठरू शकते. पाणी आम्लधर्मी झाले की विषारीपणा बहुधा वाढतो. कुजलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्ये धातूला बांधून ठेवतात, तेव्हा तो कमी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ साली गोड्या पाण्यातील तांब्याचे निकष ठरविताना पाण्याचे हे सारे गुणधर्म हिशेबात घेणारी पद्धत स्वीकारली. सर्व नद्यांना एकच आकडा लावणे शास्त्राला धरून नाही, हाच त्याचा अर्थ.

माशाच्या जिवाला खरी घोर लागते ती मृत्यूच्या बरीच आधी. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवून दिले, की एखाद्या माशाला जखम झाली की त्याच्या त्वचेतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याच्या वासाने भोवतालचे मासे सावध होतात. आपले रोहू, कटला, मृगळ ज्या कार्प कुळातील, त्याच कुळातील एका छोट्या माशावर त्यांनी हे प्रयोग केले होते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग मर्यादित. अन्न, जोडीदार आणि शत्रू यांची वार्ता मासा वासानेच ओळखतो. तांबे नेमके या घ्राणपेशींना बधिर करते. कोहो सामन जातीच्या माशांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पाण्यातील नेहमीच्या प्रमाणापेक्षा लिटरमागे अवघे २ ते ३ मायक्रोग्रॅम तांबे वाढले, तरी घ्राणक्षमता घटू लागल्याचे आढळले. आपल्या पेयजलाच्या मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. माणसाने निर्धास्तपणे प्यावे असे पाणी माशाचे नाक बंद करू शकते! असा मासा दिसायला धडधाकट असतो. फक्त शत्रू जवळ आल्याचे त्याला कळत नाही.

शरीरात शिरलेला धातू यकृत आणि मूत्रपिंड यांत साठतो. तेथे मेटॅलोथायोनीन नावाची प्रथिने त्याला जखडून ठेवतात. हे संरक्षण फुकटचे नसते. त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती वाढीतून आणि प्रजननातून वजा होते, आणि क्षमता संपली की पेशी उद्ध्वस्त होऊ लागतात. शिशामुळे हिमोग्लोबिन तयार होण्याची प्रक्रिया मंदावते; शिसेयुक्त पाण्यात दीर्घकाळ ठेवलेल्या ट्राउट माशांच्या शेपट्या काळ्या पडल्याचे आणि पाठीचा कणा वाकल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. सर्वांत असुरक्षित असतात ती नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले. प्रौढ मासे तग धरतात, पण नवी पिढी उभी राहत नाही. नदीतून एखादी जात अशी गाजावाजा न होता नाहीशी होते. तिच्या मृत्यूचे छायाचित्र कोणालाच मिळत नाही.

पाऱ्याची कथा आणखी वेगळी. गाळातील जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे संयुग माशाच्या मांसात मुरते आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याची तीव्रता वाढत जाते. कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना २००१ साली बंद झाला. तेथील तलावाच्या पाण्यात, गाळात आणि माशांत पाऱ्याचे प्रमाण वाढलेले असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदविले. कॅनडातील ड्रायडन येथील रासायनिक कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ ते दहा टन पारा वाबिगून नदीत सोडला. १९७० साली तेथील व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली. अर्धशतक उलटून गेले, तरी मासेमारीवर जगणाऱ्या ग्रासी नॅरोज या आदिवासी वस्तीच्या वाट्याला आलेले हे संकट अद्याप सरलेले नाही. गळती आठ वर्षांची, भोग पिढ्यांचा.

आपल्या ताटाशी याचा संबंध सरळ आहे. चिलापी आणि मागूर यांसारखे चिवट मासे इतर जाती जेथे टिकत नाहीत, अशा दूषित पाण्यातही तग धरतात. त्यांचा चिवटपणा हा पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. मांसापेक्षा यकृत, मूत्रपिंड आणि कल्ले यांत कॅडमियम व शिसे अधिक साठतात, तर मिथाइल पारा मांसातच असतो. शिजवल्याने किंवा तळल्याने धातू निघून जात नाही. याचा अर्थ नदीतला मासा खाऊच नये असा नाही. तो कोठून आला आहे आणि त्याची तपासणी होते की नाही, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे, एवढाच आहे.

उपाय अज्ञात नाहीत. धातूयुक्त सांडपाणी शहराच्या मैल्यात मिसळण्यापूर्वी कारखान्याच्या दारातच वेगळे काढले पाहिजे. कारण मैलाशुद्धीकरण केंद्र धातू नष्ट करीत नाही, तो मुख्यतः गाळात ढकलते आणि तो गाळ पुढे खत म्हणून शेतात जाऊ शकतो. नदीकाठाच्या सुशोभीकरणासाठी पात्र उकरताना आधी गाळाचे परीक्षण व्हायला हवे. वर्षानुवर्षे तळाशी स्थिरावलेले धातू ढवळले गेले, की पुन्हा पाण्यात उतरू शकतात. आणि तपासणी केवळ वाहत्या पाण्याची नको. पाणी फक्त आजचे सांगते. गाळ आणि माशाचे यकृत मागच्या कित्येक वर्षांचे सांगतात. मासे मरण्याची वाट पाहून नमुने घेणे म्हणजे रुग्ण दगावल्यावर त्याचा ताप मोजणे होय. तो ताप जिवंत माशातच मोजायला हवा.