सिपनेचे खोरे पायी पाहायचे तर

सह्याद्रीत हिंडलेला माणूस मेळघाटातल्या सेमाडोहला आला की पहिल्याच वनचौकीवर त्याचा हिरमोड होतो. पाठीवर पिशवी टाकली आणि नदीच्या काठाकाठाने निघालो, हे इथे चालत नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, 1974 सालचा, आणि सिपना नदी त्याच्या मधोमध वाहते. त्यामुळे डोह, कडे, गुहा आणि माळ एकाच वाटेवर ओळीने भेटत नाहीत. डोह सेमाडोह-कोलकासला, कडे चिखलदऱ्याला, माळ मधल्या पठारांवर, आणि गुहा पाहायच्या तर पार पूर्वेला मोर्शीच्या बाजूला जावे लागते. मला विचाराल तर यात तोटा काहीच नाही. सातपुड्याची ही बाजू एका दमात उरकण्यासारखी नाहीच.

डोंगर आणि पाणी

गाविलगडची डोंगररांग म्हणजे सातपुड्याचा दक्षिणेकडचा बांध. बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. रांगेच्या दक्षिण पायथ्याशी जमिनीत मोठा भ्रंश आहे. त्याच्या अलीकडे पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, पलीकडे एकदम उभा डोंगर. परतवाड्याहून घाट चढताना कपाशीची शेते मागे पडून सागाचे जंगल किती पटकन सुरू होते ते पाहिले की हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाण्याची वाटणी इथे मोठी गमतीची आहे. रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्यांतून तापीला जातो. दक्षिणेला पडलेला पूर्णेत उतरतो, आणि पूर्णाही चांगदेवला तापीलाच मिळते. दोन्ही पाणी शेवटी अरबी समुद्रात. पूर्वेकडे सालबर्डीची माडू नदी मात्र वर्धेला मिळते आणि तिचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते.

डोह

पावसाळ्यात सिपना गढूळ आणि दांडगी असते. दिवाळीनंतर ती निवळते, आणि उन्हाळा चढला की तिचे वाहणे जवळजवळ थांबते. उरतात ते डोह. प्रवाहाने जिथे मऊ थर कोरून काढला तिथे खोलगट, आणि पुढे कठीण थराचा आडवा उंबरा. पाणी त्या उंबऱ्यामागे अडून राहते. काठावर अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. डोंगरावरचा साग पानझडीने उघडाबोडका झाला तरी ही झाडे हिरवी असतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये उंचावरून पाहिले तर नदी पाण्यामुळे नव्हे, झाडांच्या हिरव्या रेघेमुळे ओळखू येते.

पात्रातला खडक जवळून बघावा. काळ्या दगडात मटारएवढ्या ते सुपारीएवढ्या पोकळ्या दिसतात. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. काहींत पुढे पांढरी, चमकदार खनिजे साचली आहेत. नदीने बाकीचा दगड झिजवला तरी हे पांढरे मणी वर उठून राहतात आणि बोटाला खरखरीत लागतात. पाहावे आणि तिथेच ठेवावे. अभयारण्यातून दगडसुद्धा उचलून न्यायचा नसतो.

डोहात उतरण्याचा मोह मात्र आवरा. मेळघाटात मगरी आहेत. 1990 आणि 1991 मध्ये गडगा नदीतल्या सिद्धू कुंडात त्या सोडल्या होत्या. शिवाय उन्हाळ्यात हेच गवे, सांबर आणि अस्वलांचे पाणी. आपण काठावर पथारी पसरून बसलो की ते तहानलेले झाडीत उभे राहतात.

पायी कुठे जाता येते

गाभा क्षेत्रात आपल्या मनाने पायी फिरता येत नाही, हे एकदा नीट समजून घ्यावे. सेमाडोहच्या पर्यटन संकुलात राहून वाहनातून सफारी होते. पायवाटांवर जायचे ते वनविभागाने ठरवून दिलेल्या ठिकाणी, परवानगीने आणि मार्गदर्शकाला बरोबर घेऊनच. कोणती वाट कधी खुली आहे हे हंगामावर ठरते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते.

मार्गदर्शक बहुधा इथलाच कोरकू तरुण असतो. कोरकू भाषा मुंडा कुळातली. तिची बरीचशी भावंडे झारखंड-ओडिशाकडे आणि ही एकटी इतक्या पश्चिमेला. या मुलांबरोबर चालताना एक शिकण्यासारखे असते. ते बोलतात थोडे आणि थांबतात फार. वाळलेल्या पाचोळ्यावर पाय पडला की जंगलभर बातमी जाते, त्यामुळे ते जनावरांच्या पायवाटेवरून, पाऊल सपाट टेकवत जातात. वाघाच्या मागे लागू नका. अस्वलाने खणलेले वारूळ, सागाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, ओल्या रेतीतले गव्याचे खूर, एवढे दिसले तरी सकाळ सार्थकी लागली म्हणायची. नशीब असेल तर भरदिवसा रानपिंगळा दिसतो. हे घुबड शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजले जात होते. 1997 मध्ये ते आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि पुढे मेळघाटातही नोंदले गेले.

कडे

कड्यांसाठी चिखलदरा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच, म्हणून हवा थंड आणि म्हणूनच कॉफीचे मळे. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट ही ठिकाणे सगळ्यांना ठाऊक आहेत, गर्दीही तिथेच. पण कडा पाहायचा तर नुसते खाली डोकावू नका, समोरच्या भिंतीकडे पाहा. उभा काळा पट्टा, मग गवताची अरुंद पायरी, पुन्हा उभा पट्टा. कठीण थर ताठ उभा राहतो, मधला भुसभुशीत थर झिजतो आणि त्यावर माती साचून गवत धरते. पावसाळ्यात धबधबा याच पायऱ्यांवर आपटत उतरतो.

या कड्यांची किंमत गाविलगड किल्ल्यावर कळते. दक्षिणेकडून किल्ला जवळजवळ अजिंक्य होता. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज फौज आली तेव्हा जनरल वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि कर्नल स्टीव्हनसनने अवजड तोफा डोंगरातून वाट फोडत ओढून उत्तरेच्या बाजूला नेल्या, कारण जमीन किल्ल्याला जोडलेली ती तेवढ्याच अंगाने. 15 डिसेंबरला किल्ला पडला. आजही किल्ल्यात जाणारी वाट त्याच बाजूने आहे.

गुहा हव्या असतील तर

काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, नैसर्गिक कपारी असतात, पण बहुतेक उथळ. मेळघाटातली कपार दिसली म्हणून आत शिरू नये. अस्वल, साळिंदर, बिबट्या यांपैकी कुणाचे तरी ते घर असण्याची शक्यता असते.

खऱ्या गुहा मोर्शीच्या पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेवर. तिथे भ्रंशामुळे काळ्या पाषाणाखालचे जुने गोंडवाना काळातले वालुकाश्म उघडे पडले आहेत. सालबर्डीला माडू नदीच्या काठी कोरीव लेणी आहेत, आणि डोंगरातल्या गुहेतल्या महादेवाची महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. इथल्याच लमेटा नावाच्या खडकथरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. जवळच बैतूल जिल्ह्यात धारूळ परिसरात अंबादेवीची शैलाश्रये आहेत. 2007 मध्ये अमरावतीच्या हौशी निसर्ग-अभ्यासकांच्या गटाला तिथे प्राचीन शैलचित्रे सापडली, आणि मग एकामागून एक आणखी शैलाश्रये उजेडात आली. पगारी संशोधक नव्हे, रविवारी रान तुडवणारी ही माणसे, याचे कौतुक वऱ्हाडात व्हायला हवे तेवढे झालेले नाही. चित्रांना हात लावू नये, पाणी मारून ती उजळवू नयेत. फोटो चांगला येतो म्हणून पाणी शिंपडणारे महाभाग असतात.

माळ

मेळघाट म्हणजे सगळीकडे दाट साग, हा समज चुकीचा. पठारांवर मोकळे गवत आहे, आणि त्यातले बरेचसे माणसाच्या जाण्याने झालेले. कोहा, कुंड, बोरी ही गावे या शतकाच्या सुरुवातीला जंगलाबाहेर पुनर्वसित झाली, नंतर वैराट, चुर्णी आणि इतरही गावे उठली. त्यांच्या शेतांवर आज कुरणे आहेत. तिथे सांबर-गवे चरतात आणि त्यांच्या मागे वाघ येतो. हे यश सांगताना उठून गेलेल्या कोरकू-गवळी घरांचा हिशेबही मांडला पाहिजे. नव्या जागी पाणी, जमीन, रोजगार यांवरून काही गावकऱ्यांची नाराजी उघडपणे पुढे आलेली आहे.

सांभाळायचे ते

वाघापेक्षा आग्यामोहळाची धास्ती जास्त धरा. कड्याच्या ओठाखाली आणि उंच झाडांवर मोठाली पोळी लोंबत असतात. कड्यावर चूल, बिडी, फटाके, आरडाओरडा आणि दगड भिरकावणे पूर्ण वर्ज्य. उग्र अत्तरही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोके कापडाने झाकून झाडीतून दूर पळायचे. डोहात उडी मारून उपयोग नाही, डोके वर काढेपर्यंत त्या घोंघावत राहतात.

सप्टेंबर संपेपर्यंत नदीपात्रात उतरू नये. सेमाडोहला ऊन असते आणि वर पठारावर धो-धो पाऊस. पूर न सांगता येतो. हिवाळ्यात स्वेटर लागतोच, खोऱ्यातली पहाट झोंबते. मोबाइलला बऱ्याच भागात रेंज नसते, म्हणून कुठे जातो आणि कधी परततो ते मुक्कामी सांगून ठेवावे. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याहून मोठ्या उपचारांसाठी अचलपूर किंवा धारणी गाठावे लागते. परतवाडा-धारणी रस्त्यावर एसटी चालते. गाडीची वाट पाहताना सेमाडोहला रबडी मागावी, इथल्या म्हशीच्या दुधाची ती चांगली असते.