बाबासाहेबांचे चार पापड

आपल्या घरांत बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट सांगितली जाते ती पदव्यांची यादी म्हणून. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. जयंतीच्या सभेत वक्ता एका दमात ही यादी म्हणतो आणि टाळ्या पडतात. टाळ्या पडायलाच हव्यात. पण दोन पदव्यांच्या मधल्या जागेत एक विद्यार्थी राहत होता. त्याला भूक लागत होती, त्याचे सामान बुडत होते, घरमालकीण त्याला पोटभर जेवू घालत नव्हती आणि एकदा तर त्याचा प्रबंधच परत आला होता. त्या विद्यार्थ्याच्या फजितीच्या गोष्टी आपण मुलांना फारशा सांगत नाही. आम्हाला वाटते, त्या सांगायला हव्यात, आणि हसत हसत सांगायला हव्यात.

हे आजच सांगायला कारण आहे. लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे आमचे गाव. इथल्या आजी-आजोबांच्या पिढीला पुण्यात जाऊन शिकणे हेच परदेशी गेल्यासारखे होते. आता त्यांच्या नातवंडांच्या तोंडी लंडन-अमेरिकेच्या विद्यापीठांची नावे असतात. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. जाण्याचा दिवस जवळ आला की आई पापड-लोणच्याची पिशवी बांधते, वडील कागदपत्रांची फाईल लावतात. आणि पोराच्या मनात एक धास्ती असते, ती तो कुणाला सांगत नाही. बाबासाहेबांच्या वाटेने निघालो खरा, पण ठेच लागली तर समाज काय म्हणेल?

अशा पोराने त्या वाटेवर खुद्द बाबासाहेबांना कुठे कुठे ठेच लागली ते ऐकून घ्यावे.

१९१३ च्या जुलैत २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. जवळ सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंडांची. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात जागा मिळाली. जागा चांगली होती, पण जेवणाशी काही जमेना. ताटातले ते अर्धकच्चे अन्न घशाखाली उतरत नव्हते. आठवडाभरातच त्यांनी तिथून बिऱ्हाड हलवले आणि जिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात ते गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी गाठ पडली आणि जन्माची मैत्री जडली. म्हणजे जगातल्या एका नामांकित विद्यापीठातला बाबासाहेबांचा पहिला धडा अर्थशास्त्राचा नव्हता, जेवणाचा होता!

पैसा मोजका, त्यातला घरी रमाईला पाठवायचा, आणि उरलेल्याला पुस्तकांचे वेड. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. एवढी पुस्तके बरोबर कशी न्यायची? एका ओळखीच्या माणसाच्या स्वाधीन केली. त्यांतली थोडीच घरी पोहोचली. मित्राच्या हाती सामान सोपवून पस्तावणाऱ्या आजच्या मुलांनी एवढ्यावरून तरी धीर धरावा.

सामानाचा दुसरा फेरा याहून वाईट. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. स्वतः एका बोटीने, सामान दुसऱ्या बोटीने. सामानाच्या बोटीवर टॉर्पेडो पडला आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. इकडे मुंबईत बोट बुडाल्याची बातमी आली आणि घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले. चौकशी केली तेव्हा कळले, बुडाले ते सामान, माणूस सुखरूप आहे. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला पोहोचले. मग बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गाडीभाड्याचे पैसे नाहीत. ते आले कुठून? त्या बुडालेल्या सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये मिळाले त्यांतून!

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि भथेनांची उसनवारी, एवढ्या बळावर. तिथे गाठ पडली ती एका खमक्या घरमालकिणीशी. बाईंचा हात इतका आखडता, की सकाळी पावाचा तुकडा, जरासा जॅम आणि चहा झाला की न्याहारी संपली. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत, म्हणून ते टाळायचे. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी शिरायचे ते रखवालदाराने बंद करायची वेळ झाली म्हणून उठवेपर्यंत बसायचे. बाहेर पडताना पोट रिकामे आणि खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले.

रात्री दहाच्या सुमाराला भूक अगदी सोसवेना. एका ओळखीच्या माणसाने पापडांचे पुडके दिले होते. बाबासाहेब पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. खोलीतला सोबती मध्यरात्री जागा होऊन म्हणे, आता झोपा. उत्तर ठरलेले असे, की गरिबीत आणि वेळेच्या टंचाईत झोप परवडत नाही. आताच्या वसतिगृहात कुणी असा पापड भाजायला बसला तर धुराचा भोंगा वाजेल आणि सगळी इमारत रस्त्यावर येईल. आपली मुले ती गंमत फोनवर सांगतात तेव्हा आईने रागावू नये. त्या पापडाला फार मोठी परंपरा आहे.

आणखी एक गंमत ऐका. शाळेत असताना ज्या मुलाला संस्कृत शिकू दिले नाही आणि फारशी घ्यायला लावली, त्याने १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्रवेश मिळवण्यासाठी चक्क जर्मन भाषेत पत्र लिहिले. नाव दाखल झाले. मात्र बॉनची पदवी काही झाली नाही. सगळेच बेत तडीला जातात असे नाही, बाबासाहेबांचेही गेले नाहीत.

आता सर्वांत मोठी ठेच. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध त्यांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केला. त्यात इंग्रज सरकारच्या चलननीतीवर कडक टीका होती. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी सांगितले, पुन्हा लिहून आणा. जवळचे पैसे संपले होते. बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंध नव्याने लिहून काढला, तो इथून लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळवली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. विचार करा, प्रबंध परत आला त्या दिवशी त्यांनी हार मानली असती तर?

बंधू-भगिनींनो, या सगळ्यातून आम्हाला एकच सांगायचे आहे. आपण बाबासाहेबांना इतक्या उंचीवर नेऊन ठेवतो, की परदेशात एका विषयात मागे पडलेल्या पोराला वाटते, आता त्यांच्या फोटोसमोर उभे राहायची आपली लायकी नाही. मग ते घरी फोन करायचे टाळते, खोटे हसते, एकटे पडते. हे थांबायला हवे. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले आणि मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला. परक्या देशातल्या नवखेपणातही त्यांनी आपल्या माणसांशी बोलणे सोडले नव्हते. आपल्या मुलांनीही सोडू नये. आणि घरच्यांनी "मार्क किती?" विचारण्याआधी "जेवलास का?" विचारावे.

लंडनच्या १० किंग हेन्रीज रोड या ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे त्यांचे स्मारक आहे. ते आपण अभिमानाने पाहावेच. पण आपल्या दारातही परके विद्यार्थी येतात. लोणी काळभोरला विद्यापीठ झाले तसे दूरदूरच्या प्रांतांतली मुले खोल्या शोधत आपल्या गल्ल्यांतून फिरू लागली. त्यांना आपली भाषा येत नाही, आपले तिखट सोसत नाही, गॅसची टाकी कुठे मिळते ते ठाऊक नसते. त्यांची जात, त्यांचा चेहरा, त्यांचे खाणे विचारून दार लावू नका. धम्मातली मैत्री ती हीच. लंडनच्या त्या बाईंना आपल्या घरात कोण उपाशी अभ्यास करतो आहे हे कळले नाही. आपल्या वरच्या खोलीत कोण उतरले आहे हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असते? रात्री दिवा दिसला तर दोन पापड भाजून वर पाठवा.